शंकरपट पाहायला जाताना: पायात काय, अंगात काय, डोक्यावर काय

शंकरपट म्हणजे विदर्भातली बैलजोड्यांची शर्यत, आणि तिचं मैदान म्हणजे मुळात वावर, शेत. वऱ्हाडात ते काळ्या मातीचं, सोयाबीन किंवा पऱ्हाटी (कपाशी) निघून गेलेलं असतं. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडे धान कापलेल्या बांध्यांचं, म्हणजे भातखाचरांचं. जोड्या धावतात तेवढी पट्टी वखरून, दगड-धोंडे वेचून, दाबून सपाट केलेली असते. माणसं उभी राहतात ती दोन्ही बाजूंची जमीन मात्र कोणी हात न लावलेली. तुरीची धसकटं, धानाचे खुंट, काळ्या मातीच्या भेगा, सराटे, कुसळं, सगळं तिथंच. तयारी त्या जमिनीची करायची. मंडप, खुर्च्या आणि सावली मिळाली तर मिळाली.

मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या. डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदीच्या साडेसात वर्षांत मोठी झालेली पोरं-पोरी आता पहिल्यांदाच पटावर येताना दिसतात. घरातल्या आजोबा-काकाजींच्या बोटाला धरून गेली असती, तर जे आपोआप कळलं असतं ते त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मग लग्नाला जावं तसे कपडे, पायात नवी चप्पल, आणि दुपारी अकरा वाजता कपाळाला हात. म्हणून हे सविस्तर.

कपडे निवडताना दोनच गोष्टींची खात्री करा: आपल्यामुळे जनावर बुजणार नाही, आणि जोडी पट्टी सोडून आपल्याकडे वळलीच तर दोन उड्यांत बाजूला होता येईल. थंडी, ऊन आणि धुरळ्याचा बंदोबस्त त्याच कपड्यांत बसतो.

आधी पाय

सुरुवात पायापासून करायची, कारण पटावर पायाला इजा सहज होते. अंगठ्याची रबरी चप्पल घालून येऊ नका. सराट्याचा वाळलेला काटा पातळ रबरातून आरपार येतो. तुरीचं धसकट वखराने तिरकं तुटलेलं असतं, टोक खिळ्यासारखं. काळ्या मातीच्या भेगेत चप्पल अडकते आणि पाय पुढं जातो. पळायची वेळ आली की चप्पल पहिल्या पावलालाच निघते. मग माणूस ती घ्यायला वाकतो आणि मागची गर्दी त्याच्यावर येते.

बंद बूट घाला. जाड तळाचे, शक्यतो कॅनव्हास किंवा चामड्याचे, घोटा झाकणारे असले तर उत्तमच. जाळीदार स्पोर्ट्स शूज चालायला हलके असले, तरी जाळीतून मातीची पूड आणि कुसळं दोन्ही आत जातात; अर्ध्या तासात मोजा काट्यांनी भरतो. नवे बूट थेट पटाच्या दिवशीच पहिल्यांदा घालू नका. पाच-सहा तास उभं राहायचं असतं, त्यामुळे आठवडाभर आधीपासून रोज घालून ते पायाला बसवून घ्या. लेस दोनदा गाठ मारून बांधा आणि उरलेली टोकं बुटाच्या आत खोचा, कारण लोंबणारी लेस धसकटात अडकते. गमबूट घालून काही जण येतात. पाऊस-चिखल असेल तर ठीक, पण कोरड्या दिवशी त्यात पाय उकडतो आणि पळता येत नाही.

मोजे सुती आणि जाड हवेत. नायलॉनच्या मोज्यात कुसळ घुसलं की उलट ओढून निघत नाही, तुटून आत राहतं. पँटचे पाय मोज्यात खोचले तर दिसायला बरं दिसत नाही, पण गोचीड आणि कुसळ दोन्ही वरच्या वर राहतात. गवतातून जायचं असेल तर हे कराच.

चामड्याची करकर वाजणारी कोल्हापुरी, उंच टाचेची सँडल, गुळगुळीत तळाचे फॉर्मल बूट हे सगळं घरीच. महिलांना बूट नकोच असतील तर मागून पट्टा असलेली, बोटं झाकणारी सँडल चालेल.

दुपट्टा

एकच वस्तू न्यायची झाली तर सुती दुपट्टा न्या. साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, धुऊन मऊ झालेला. नव्या दुपट्ट्याला खळ असते. तो कानावर बसत नाही आणि घामही टिपत नाही. सकाळी तो कानटोपीचं काम करतो, दुपारी टोपीचं, जोडी सुटली की धुरळ्यापासून नाकाचं, आणि कुणाचा पाय मुरगळला तर पट्टीचंही.

बांधायची रीत अशी. दुपट्टा लांबीच्या दिशेने एकदा दुमडा. मधला भाग भुवयांच्या दोन बोटं वर कपाळावर ठेवा. दोन्ही टोकं कानांवरून मागं न्या, मानेच्या खळग्यात एकमेकांवरून फिरवून घट्ट ओढा. आता उजव्या खांद्यावर आलेलं टोक हनुवटीखालून पुढं घ्या, नाकावरून नेऊन डाव्या कानशिलापाशी आधीच्या पदरात खोचा. दुसरं टोक गळ्याभोवती एक वेढा देऊन शर्टाच्या आत. काहीच लोंबत राहता कामा नये. नाकावरचा पदर नुसता खोचलेला असल्यामुळे एका बोटाने खाली येतो. पाणी प्यायला किंवा बोलायला सगळं सोडावं लागत नाही. गाठ कुठंही मारू नका. गर्दीत कोणी टोक ओढलं किंवा कशात अडकलं, तर खोचलेलं सुटतं, गाठ मात्र गळ्याला बसते.

आपल्याकडच्या मुली गाडीवर जाताना स्कार्फ बांधतात, त्याचीच ही मोकळी आवृत्ती आहे. ज्यांना ते येतं त्यांनी तेच बांधावं, फक्त मागची गाठ सोडून टोकं आत खोचावीत.

एक गोष्ट लक्षात ठेवा: कापड मातीचे कण अडवतं, बारीक धूळ अडवत नाही. दमा असेल, सर्दी-शिंका लगेच होत असतील, तर दुपट्ट्याच्या आत एन-95 मास्क लावा. इनहेलर वापरत असाल तर तो शर्टाच्या खिशात हवा, गाडीच्या डिकीत ठेवून उपयोग नाही. डोळ्यांना साधा पारदर्शक किंवा फिकट तपकिरी गॉगल पुरतो. कॉन्टॅक्ट लेन्स घालून येऊ नका, एक कण आत गेला की दिवस संपला. चष्मेवाल्यांनी मागून दोरी लावावी.

गांधी टोपी पटाची शान आहे, ती जरूर घाला. पण तिने कान आणि मान झाकली जात नाही, म्हणून दुपट्टा सोबत हवाच. रुंद काठाची हॅट वाऱ्याने उडते, आणि उडालेली हॅट पट्टीवर जाऊन पडणं ही साधी गोष्ट नाही.

अंगावरचे थर

पट भरतात ते साधारण पौष-माघात, संक्रांतीच्या आगेमागे. तेव्हा नागपूरकडे पहाटेचं तापमान सरासरी 12-13 अंश, दुपारी 28-29. थंडीची लाट आली तर पारा फार खाली जातो. डिसेंबर 2018 च्या अखेरीस नागपुरात तो 3.5 अंशांवर आला होता. एकाच दिवसात पंधरा-सोळा अंशांचा फरक अंगावर घ्यायचा असतो. म्हणून एक जाड स्वेटर चालत नाही, पातळ थर लागतात.

आत सुती बनियन. त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर किंवा बंडी, आणि सर्वांत वर चेनचं पातळ जॅकेट. सूर्य कासराभर वर आला की जॅकेट निघतं, दहाच्या सुमारास स्वेटर, आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट दिवसभर राहतो. बाह्या दुमडायचा मोह आवरा. ऊन तर लागतंच, शिवाय धुऱ्यावरच्या (बांधावरच्या) गाजरगवताला हात घासला की काहींच्या अंगाला दोन-दोन दिवस खाज सुटते. काढलेले कपडे कमरेला बांधू नका, बाह्या लोंबतात. खांद्यावरची एक साधी पिशवी न्या, आडवी अडकवून काखेत घट्ट बसेल अशी.

मोटारसायकलवर पहाटे येणाऱ्यांना खरी थंडी गाडीवरच लागते. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राचे दोन-तीन पदर घालायची जुनी युक्ती आजही चालते, कारण कागदातून वारा आत येत नाही. मैदानावर पोचलं की तोच कागद बसायला. तसं बसायला बारदान्याचं पोतं सगळ्यांत चांगलं, कारण सकाळी दवाने माती ओली असते आणि काळ्या मातीचा ओला डाग पँटवरून सहज निघत नाही.

पँट सैल आणि मजबूत कापडाची हवी. घरून निघण्याआधी एक चाचणी करा: मांडी घालून बसा, हात न टेकता उठा, गुडघाभर उंच पायरीवर एका पायाने चढा, आणि अंगणात दहा पावलं पळा. कुठं ताणलं, फाटेल असं वाटलं, हाताने काही सावरावं लागलं, तर कपडे बदला. तंग जीन्स इथंच नापास होते. धोतर नेसणाऱ्यांनी काष्टा घट्ट मारावा आणि सोगा खोचावा. वर्षानुवर्षं धोतरात वावरलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही, पण हौसेने एका दिवसासाठी नेसणाऱ्याला सांगावं लागतं.

नायलॉनचा ट्रॅकसूट अंगाला चिकटतो, आणि भज्यांच्या कढईजवळ, चुलीजवळ ठिणगी उडाली तर वितळून कातडीला लागतो. सुती कापडाला फार तर भोक पडेल.

लुगडं, साडी, ओढणी

नऊवारी लुगडं पटासाठी उत्तम, काष्ट्यामुळे पाय मोकळे राहतात. पाचवारी नेसायची तर सुती, आणि घोट्याच्या चार बोटं वर. निऱ्या आतून सेफ्टीपिनने धरा. पदर डाव्या खांद्यावर पिन करून उरलेला भाग कमरेला घट्ट खोचा. शिफॉन, जॉर्जेट, नेट नको. ती हलकी कापडं वाऱ्याने फडफडतात, आणि छकड्याजवळून जाताना चाकाच्या तुंब्यात (मधल्या गाभ्यात) किंवा खिळ्यात अडकतात. सलवार-कुर्त्यावरची ओढणी खांद्यावरून तिरकी घेऊन कमरेपाशी बांधून टाका, नाही तर सरळ पिशवीत ठेवा. लांब वेणी किंवा मोकळे केस दुपट्ट्याच्या आत. बांगड्या काचेच्या नकोत. गर्दीत ढकलाढकल झाली की त्या मनगटात फुटतात.

जनावराच्या नजरेनं

तांबडे कपडे घालू नयेत, बैल मारतो, असं सगळीकडे सांगितलं जातं. बैलाला तांबड्या रंगाची चीड असते हे खरं नाही. त्याला आपल्याइतके रंग दिसतच नाहीत. तो बिथरतो ते अचानक झालेल्या हालचालीने. तुम्ही तांबडा शर्ट घालून शांत उभे असाल तर त्याला काही वाटणार नाही. पण पांढऱ्याशुभ्र दुपट्ट्याचं टोक त्याच्या बाजूला एकदम फडकलं तर तो दचकेल. बैलाचे डोळे डोक्याच्या दोन्ही कडांना असतात, त्यामुळे मान न वळवताही त्याला बाजूचं आणि मागचंही बरंच दिसतं. धावणाऱ्या जोडीला कडेची गर्दी अशी सतत दिसत असते.

म्हणून पट्टीच्या कडेला छत्री उघडू नका. घडीची, बटण दाबून फटकन उघडणारी छत्री तर मैदानावर आणूच नका. प्लास्टिकचा रेनकोट किंवा पोंचो सळसळतो; अवकाळीची चिन्हं असतील तर कापडी अस्तराचं पावसाळी जॅकेट घ्या. चकचकीत टिकल्यांचे, आरशांचे कपडे उन्हात चमकतात. जोडी सुटली की दुपट्टा काढून हवेत फिरवायची पोट्ट्यांना हौस असते. धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, त्या वेळी हातातल्या कासऱ्यावर सगळा जीव लावून असतो. त्याची जोडी एक हात बाजूला झाली तरी फटका बसतो तो कडेच्या माणसांना.

आणखी एक जागा आहे, जिथं लोक निर्धास्त असतात आणि म्हणूनच चुकतात: झाडाखाली बांधलेल्या जोड्या. गवळाऊ जातीची पांढरी, ताशीव अंगाची जोडी जवळून पाहायचा मोह कुणालाही होतो. पण दावणीला बांधलेला बैल माशा हाकलायला मान झटकतो, आणि शिंगाच्या टोकात गळ्यातला कॅमेऱ्याचा पट्टा, ओळखपत्राची दोरी, लोंबणारी पिशवी सहज अडकते. जवळ जाण्याआधी गळ्यातलं सगळं शर्टाच्या आत घाला, मालकाला विचारा, आणि समोरून-तिरकं जा, मागून नाही. बैलाच्या खुरांना अनेकदा लोखंडी पत्री ठोकलेली असते. पायावर पाय पडला तर चपलेतली बोटं वाचत नाहीत.

रंग निवडायचाच तर बदामी, खाकी, फिकट राखाडी. पांढऱ्यावर काळ्या मातीचे डाग, काळ्यावर ऊन. लहान लेकरांना मात्र गडद पिवळं किंवा नारिंगी घाला, म्हणजे गर्दीत लांबून ओळखू येतात. त्यांच्या खिशात घरच्यांचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि शर्टाच्या आतल्या बाजूलाही पेनाने लिहा, चिठ्ठी हरवते. चालताना वाजणारे, दिवे लागणारे बूट त्या दिवशी नको. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला खांद्यावर घेणार असाल तर त्याच्या पायातले बूट काढून पिशवीत टाका. नाही तर आपला दुपट्टा त्याच्या बुटात अडकून सुटतो.

घोड्यांच्या शर्यतीला जायचं असेल तर

दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात सारंगखेड्याला किंवा मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबा यात्रेला विदर्भातून बरीच माणसं घोडे पाहायला जातात. पायाचे, दुपट्ट्याचे, थरांचे नियम तेच. फरक इतकाच की घोडा बैलापेक्षा लवकर दचकतो आणि मागं लाथ मारतो. त्याला अगदी मागचं आणि नाकासमोरचं दिसत नाही. त्यामुळे फडफडणाऱ्या कपड्याची खबरदारी दुप्पट घ्या, आणि मागच्या पायांपासून किमान तीन-चार मीटर लांब राहा. पावलाला लोखंडी नाल असते, म्हणून बूट बंदच हवेत.

झाडीपट्टीत रात्र काढायची असेल तर

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या झाडीपट्टीत दिवसा पट आणि रात्री नाटक अशी जोड असते. वडशाच्या (गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या) नाटक मंडळ्या हंगामभर गावोगाव फिरत असतात. नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं, तेही उघड्या वावरात. दिवसाचे कपडे घामाने ओले झालेले असतात, आणि ओल्या बनियनवर रात्रीचा गारवा बसला की हुडहुडी ठरलेली. म्हणून एक कोरडी बनियन आणि कोरडे मोजे वेगळ्या पिशवीत ठेवा. संध्याकाळी बदला, मग स्वेटर, कानटोपी, आणि वरून घोंगडी किंवा सोलापुरी चादर. अंगाखाली पोत्यावर आणखी एक सतरंजी हवीच. थंडी वरून जितकी लागते तितकीच खालून जमिनीतूनही चढते.

घरी आल्यावर

कपडे घरात नेऊ नका. अंगणात झटका, मोजे उलटे करा. कुसळं आधी काढायची, मग धुवायचं. पाण्यात टाकलं की ती कापडात आणखी रुततात. जाड दातांच्या कंगव्याने धाग्याच्या दिशेने विंचरलं तर बरीच निघतात. उरलेली चिमट्याने काढा. काळ्या मातीचा डाग ओला असताना चोळू नका. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, मग थंड पाण्यात अर्धा तास भिजत घालून साबण लावा. अवकाळीच्या चिखलात बूट लडबडले असतील तर गोळे काडीने पाडून सावलीत वाळवा, उन्हात चामडं तडकतं.

आंघोळीला जाताना घोटे, गुडघ्यामागची खळगी, कंबरेचा पट्टा बसतो ती जागा, काख आणि कानामागं नीट पाहा. जनावरांच्या मैदानावर गोचीड असतात. चिकटलेली गोचीड दिसली तर रॉकेल टाकू नका, काडीने चटका देऊ नका, बोटांनी चिरडू नका. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरा आणि न पिळता सरळ वर ओढा, मग जागा साबणाने धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, किंवा अंगावर कुठं काळी खपली धरलेली जखम दिसली, तर डॉक्टरांना पटावर गेल्याचं आणि गवतात बसल्याचं आवर्जून सांगा. विदर्भात स्क्रब टायफसचे, म्हणजे गवतातल्या बारीक माइट किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या तापाचे, रुग्ण आढळतात, आणि ती माहिती मिळाली तर योग्य औषध लवकर सुरू होतं.